जिला नेमलंच नाही, तिला काढायचं कसं

तिला सगळे समोर ताई म्हणत आणि माघारी बघूताई. त्याला कारण होतं. बहुतेक माणसं हो आणि नाही अशा दोन शब्दांच्या जोडीवर आयुष्य नांगरतात. हिने ती जोडी गोठ्यातच बांधून ठेवली होती आणि तिसऱ्याच एका शब्दावर सगळं शेत काढलं होतं. तो शब्द म्हणजे, बघू.

शब्द लहानपणापासूनचा. तिघी बहिणींत ती मधली. थोरली म्हणे, खिडकीशी मी झोपणार. धाकटी म्हणे, मी. मग दोघी मधलीकडे बघत, की तू सांग. थोरलीची बाजू घ्यावी तर धाकटी चिमटे काढी, धाकटीची घ्यावी तर थोरली वेणी ओढी. ही म्हणे, "बघू." आणि त्या दोघी भांडत असताना गुपचूप खिडकीशी झोपून जाई. पुढे लग्नाच्या वेळी बापाने विचारलं, "मुलगा पसंत आहे ना?" ती म्हणाली, "बघू." बापाला त्यात होकार ऐकू आला. आता तिची मुलगी शिकायला परगावी गेली, तरी नवरा अधूनमधून विचारतो, "त्या बघूचं पुढे काय झालं गं?"

ती म्हणते, "बघतेय अजून."

अशी बाई संस्था चालवत होती. संस्था म्हणजे एक लांबडी खोली, मागे पत्र्याची शेड आणि शेडच्या पुढे फरसबंदी अंगण. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय मोडला, की लोक इथे यायचे आणि लागेल ती वस्तू घेऊन जायचे. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, डोक्याकडून वर होणारे पलंग, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या. भाडं नाही. काम झालं की परत आणून द्यायचं, एवढंच. वस्तू परत येई तेव्हा दोहोंपैकी एक गोष्ट झालेली असे. घरचं माणूस उठून चालू लागलेलं असे, नाहीतर कायमचं गेलेलं असे. कुठलं काय झालं ते विचारावं लागत नसे. आणणारा वस्तू जमिनीवर कशी टेकवतो, त्या आवाजावरून कळायचं.

या खोलीत दोन जातीची माणसं काम करत. एक पगारी, दुसरी स्वयंसेवक. दोघांचं काम एकच, पण तऱ्हा वेगळ्या. पगारी माणसं वेळेवर येत आणि घड्याळाकडे बघत. स्वयंसेवक ऊन कोवळं असेल तेव्हा येत आणि घड्याळ पुढे आहे म्हणत. पगारी माणसाची स्तुती करायची सोय नव्हती, तो लगेच पगारवाढीचं काढी. स्वयंसेवकाला बोलायची सोय नव्हती, तो लगेच घरी जाई. मिस्त्री, म्हणजे खुर्च्यांची चाकं नि पलंगांची हँडलं दुरुस्त करणारा पगारी गडी, जिभेचा तिखट होता. तो म्हणे, "आम्ही दामवाले, ते नामवाले."

यावर नामवाल्यांचे मुखत्यार, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, चष्म्यावरून बघत म्हणत, "आम्ही निरपेक्ष येतो."

"निरपेक्ष येता, पण चहा सापेक्ष लागतो," मिस्त्री म्हणे. "गोड झाला की रुसता, थंड झाला की रुसता."

मग दोघेही ताईकडे बघत. ताई म्हणे, "बघू." दोघांनाही वाटे, आपल्याच बाजूने म्हणाली. अशी गाडी चालली होती. रस्ता खड्ड्यांचा होता, पण बैल ओळखीचे होते.

तिसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे मावशी. परत आलेली प्रत्येक वस्तू अंगणातल्या नळाखाली घासून, औषधाच्या पाण्याने पुसून, उन्हात उभी करायची हे तिचं काम. पगारी. बोलायला फटकळ, बसायला हौशी. काम संपलं की बादली पालथी घालून ती तिच्यावर अशी बसे, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई जन्मापासून त्या बादलीवरच आहे. घरी तिच्या जिवावर दोन पोरी नि एक अंथरुणाला खिळलेला भाऊ होता. त्या भावाचा पलंगही संस्थेचाच. पण हे ती कधी सांगत नसे. सांगून कोण काय करणार, म्हणे.

आणि मग या सरळ चाललेल्या गाडीत सासूबाई येऊन बसल्या.

त्याचं असं झालं. सासरे गेले, नात शिकायला गेली, आणि सासूबाईंच्या हाताला सकाळच्या चहापलीकडे काम उरलं नाही. हात रिकामा झाला की काही माणसांच्या तोंडाला काम लागतं. त्या भांड्यांशी बोलू लागल्या. मग भांड्यांना बोलू लागल्या. एक दिवस नवरा बायकोला हळूच म्हणाला, "आईला ने ना तुझ्याबरोबर. काल ती दाराच्या कडीशी भांडत होती."

ताईच्या मनात आलं, घरात जिची सून, ऑफिसात तिची साहेब? हे म्हणजे एकाच म्यानात दोन तलवारी, आणि त्यातली एक म्हातारी नि जास्त धारेची. ती म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई कडक इस्त्रीचे कपडे घालून, केस चापून, दारात उभ्या.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे, आई?"

"तू बघू म्हणालीस ना काल? मग बघायला यायला नको?"

वाटेत त्यांनी सुनेला दोन नियम सांगितले. "एक, तिथे मला आई म्हणायचं नाही. लोकांना वाटेल वशिल्याने आले. दुसरं, मी तुला मॅडम म्हणणार नाही. मला हसू येईल."

"मग काय म्हणाल?"

"काही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. माझं काम मला कळतं."

संस्थेत पाऊल टाकताच मावशी बादलीवरून ओरडली, "या आजी, काय पाहिजे? वॉकर?"

सासूबाईंनी मावशीला आधी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग पायापासून डोक्यापर्यंत. "आजी तुझी असेल," त्या म्हणाल्या. "मला माई म्हण. आणि वॉकर तुला लागेल, बसून बसून."

तिथून त्या सगळ्यांच्या माई झाल्या.

पहिल्या दिवशी ताईने त्यांना टेबलाशी बसवलं. आलेल्या माणसाला काय हवं ते विचारायचं, वस्तू दाखवायची. पण माईंना बसून बोलणं हे काम वाटेना. त्यांच्या लेखी काम म्हणजे ज्याने कोपर दुखतं ते. दोन दिवसांत त्या टेबल सोडून अंगणात गेल्या. तिथे नुकतीच परत आलेली एक चाकाची खुर्ची होती. चाकाच्या तारांत कुणाच्या तरी अंगणातला चिखल वाळून बसला होता. माईंनी बाह्या सारल्या, मावशीच्या हातातला ब्रश घेतला आणि बसल्या फतकल मारून. तासाभराने ती खुर्ची अशी चकाकली की मिस्त्री म्हणाला, "आता हिच्यात बसायला माणूसही धुऊन घ्यावा लागेल."

माईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ऊन पडलं. ताईने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. वाईट एवढंच, की मावशी त्या वेळी बादलीवर बसली होती. तिच्याकडे ब्रशच नव्हता.

हे रोजचंच झालं. माई येत, मनाला येईल ती खुर्ची ओढत आणि घासत बसत. कधी दुपारपर्यंत, कधी नुसती दोन चाकं घासून, "आज कंटाळा आला," म्हणून घरी. कधी चार-चार दिवस यायच्याच नाहीत. आल्या की पुन्हा ब्रश मावशीच्या हातातून त्यांच्या हातात. मावशी कुरकुरली.

"ताई, तुमच्या सासूबाई माझा ब्रश घेतात."

"दुसरा ब्रश देते ना तुला."

"ब्रशाचं नाही हो. त्या खुर्च्या घासतात नि मला म्हणतात, ते बेडपॅन बघ. गोड गोड त्यांचं नि बेडपॅन माझं. हा कुठला न्याय?"

ताई म्हणाली, "बघू."

अशात एक दिवस अध्यक्ष न सांगता आले. अध्यक्ष डोळ्यांचे डॉक्टर. माणूस सज्जन, हेतू चोख, पण धंद्याचा गुण म्हणा की दोष, त्यांना एका वेळी एकच गोष्ट नीट दिसे. ते अंगणात आले तेव्हा माई घामाघूम होऊन चाक घासत होत्या आणि मावशी पालथ्या बादलीवर बसून पदराने वारा घेत होती.

"या कोण?" त्यांनी माईंकडे बोट केलं.

"स्वयंसेविका," ताई म्हणाली. सासू हा शब्द तिने गिळला.

"आणि त्या बसलेल्या?"

"मावशी. आपल्या पगारी."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले. "म्हणजे घासणारीला काही नाही आणि बसणारीला पगार?"

"तसं नाही सर, आत्ता जरा..."

"ताई, देणगीदारांचा पैसा आहे. मला असं वाटतं, या माईच जर इतकं करतात, तर त्यांनाच हे काम नेमून देऊ. व्यवस्थित. वेळ ठरवून. आणि मावशींचं पुढच्या सभेत बघून टाकू. काय?"

इथे खरं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं. पण एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला ब्रश घेऊन कान टवकारलेली सासू, तिसऱ्या बाजूला बादली. मधल्या बहिणीच्या तोंडून जे यायचं तेच आलं.

"बघू, सर."

"छान," अध्यक्ष म्हणाले, आणि गेले. त्यांना होकार ऐकू आला.

माईंना 'नेमून देऊ' एवढंच ऐकू आलं. त्या घरी जाऊन मुलाला म्हणाल्या, "माझी नेमणूक होतेय." आणि मावशीला सगळंच ऐकू आलं. बादलीवर बसणाऱ्याचे कान नेहमी मोकळे असतात.

दुसऱ्या दिवशी मावशी टेबलापाशी येऊन उभी राहिली. फटकळ बाई, पण आवाज खाली.

"ताई, माझं काम राहतंय ना?"

हो म्हणावं, तर अध्यक्षांना तसं सांगितलेलं नाही. नाही म्हणावं, तर जीभ झडेल. ताई चष्मा पुसू लागली. "बघू," ती म्हणाली.

मावशी शेडमध्ये मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री या शब्दाचा जुना अभ्यासक. "कशी म्हणाली ते सांग," तो म्हणाला. "ताईच्या बघूच्या तीन जाती आहेत. मान वर करून म्हणाली तर हो. मान खाली घालून म्हणाली तर नाही."

"चष्मा पुसत म्हणाली."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "अगं, मग तिचं तिलाच माहीत नाही. आपलं आपण शोधून ठेव काहीतरी."

मावशी शोधू लागली. जवळच्या एका इस्पितळात जिने पुसायचं काम होतं, पण ते रात्रपाळीचं. रात्री भावाला कूस कोण बदलून देणार? ती परत आली, बादली उलटी केली, पण तिच्यावर बसली नाही. बसलं की दिसतं, हे तिला कळलं होतं. आता काम नसलं तरी ती उभी राहायची, कोरडी फरशी पुन्हा पुसायची, पुसलेला पलंग पुन्हा पुसायची. ताईला ते टेबलावरून दिसायचं. बसणारं माणूस उभं राहिलेलं बघवत नाही.

तिने ठरवलं, सासूबाईंशी बोलायचं. त्यांनीच ब्रश खाली ठेवला तर अध्यक्षांचं म्हणणं आपोआप पडेल. सभेला अजून वेळ होता. पण घरी सासूशी बोलणं म्हणजे विहिरीत वाकून पाणी किती ते बघणं. वाकलं की आधी आपलंच तोंड दिसतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती म्हणाली, "आई, एक बोलायचं होतं."

"बोल."

"ते... संस्थेतलं."

"मला माहीत आहे."

ताईचा जीव भांड्यात पडला. "काय माहीत आहे?"

"की मी चांगलं घासते. तुझ्या तोंडून कौतुक निघत नाही, पण मी समजून घेते हो."

ताईने मीठ उचललं आणि आधीच खारट असलेल्या भाजीत घातलं.

रात्री नवऱ्याजवळ तिने मन मोकळं केलं. तो छताकडे बघत म्हणाला, "काढून टाक ना आईला. तू साहेब आहेस."

"काढू कशी? नेमलंय कुठे? पगार असता तर कापला असता. हजेरी असती तर गैरहजेरी लावली असती. ज्या माणसाचं आपण काही देणं लागत नाही, त्याच्याकडून काढून घेणार काय?"

"मग मावशीला सांग, दुसरं बघ म्हणून."

"तिला काढता येतं, म्हणून तिला काढायचं?"

यावर नवरा घोरू लागला. खरं की खोटं, ते त्यालाच ठाऊक.

सभेचा दिवस आला. सभा त्या लांबड्या खोलीतच व्हायची, आणि बसायला साध्या खुर्च्या पुरत नसल्याने मंडळी मिळेल त्यावर बसायची. हेडमास्तर झाकण लावलेल्या कमोडच्या खुर्चीवर ताठ बसले, जणू वर्ग भरला आहे. खजिनदार बाई पलंगाच्या कडेवर. अध्यक्षांना मानाची म्हणून चाकाची खुर्ची, माईंनीच चकचकीत केलेली. माई स्वतः भिंतीशी, इस्त्रीचे कपडे, मांडीवर हात. मिस्त्री दाराशी. मावशी चहा घेऊन आत आली आणि बाहेर जायचं विसरली.

अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. "आपल्या माईंसाठी मी वेळापत्रक केलं आहे," ते म्हणाले. "सकाळी नऊ ते एक. रविवार सोडून रोज. रजा हवी तर आदल्या दिवशी कळवणे. म्हणजे कसं, सेवेलाही शिस्त येते." बोलता बोलता त्यांनी पायाने जोर दिला आणि खुर्ची हातभर मागे गेली. ब्रेक लावायचा त्यांना माहीत नव्हता, आणि मिस्त्री काही सांगायला गेला नाही. "त्यामुळे," ते थोड्या लांबून म्हणाले, "मावशींची जागा पुढच्या महिन्यापासून आपण बंद करू शकतो. आपल्या ताईंची याला संमती आहेच."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. मावशीच्या हातातला ट्रे किणकिणू लागला. कपांचा तो बारीक आवाज खोलीभर पसरला, आणि ताईला वाटलं, हा आवाज आता बंद झाला पाहिजे. कुणीतरी तो बंद केला पाहिजे.

"नाही," ती म्हणाली.

कुणालाच कळेना, कोण बोललं. हेडमास्तरांनी मिस्त्रीकडे रागाने पाहिलं.

"नाही म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"नाही म्हणजे नाही, सर. मावशीची जागा बंद करायची नाही."

"पण तुम्ही तर बघू म्हणाला होतात!"

"म्हणाले होते. बघितलं. आता नाही म्हणतेय."

अध्यक्ष अस्वस्थ झाले, पाय हलले, खुर्ची आणखी मागे गेली. "अहो, पण का? त्या आनंदाने करताहेत! फुकटात!"

"म्हणूनच सर." ताई बोलू लागली. एकदा बांध फुटल्यावर पाणी कुणाला विचारत नाही. "मावशीला मी सांगते, हे आधी कर. ती तोंड वाकडं करते आणि करते. चुकलं तर मी रागावते. ती मला चार शब्द ऐकवते आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येते. यावर ही जागा उभी आहे. माईंना सांगणार कोण? मी? त्या माझ्या सासूबाई आहेत!"

हे अध्यक्षांना नवीन होतं. ते थेट भिंतीला जाऊन टेकले.

"त्या हव्या तेव्हा येतात, हव्या तेव्हा जातात," ताई म्हणाली. आता मागे फिरायला वाट नव्हती. "कमोड घासत नाहीत, बेडपॅन घासत नाहीत. जे चकाकतं तेवढंच घासतात. चुकतात असं नाही म्हणत मी. पण मावशी गेली तर लोकांच्या घरी घाणेरडी वस्तू जाईल. ज्या दिवशी यांना कंटाळा येईल, त्या दिवशी."

खोलीत टाचणी पडली असती तर तिने माफी मागितली असती. माई उठल्या. ताईने मनातल्या मनात घरातली आपली भांडी-कुंडी गोळा केली आणि माहेरची वाट धरली.

पण माई तिच्याकडे गेल्या नाहीत. सरळ भिंतीपाशी अध्यक्षांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. "तो कागद द्या."

त्यांनी तो लांब धरून वाचला. "नऊ ते एक. रोज?"

"सक्ती नाही हो माई, पण..."

"आणि सुट्टी हवी तर आदल्या दिवशी कळवायचं. कुणाला? हिला?" त्यांनी मागे न बघता सुनेकडे अंगठा केला.

"शिस्त म्हणून..."

"डॉक्टर," माई म्हणाल्या, "मी उभा जन्म संसार केला. पहाटे उठलं नाही तर घर उठत नव्हतं. मला ताप आला तरी चुलीला ताप येत नव्हता. सुट्टी कळवायची सोय नव्हती, कारण ती मिळायचीच नव्हती. आणि पगाराचं म्हणाल तर नाव काढू नका. इथे मी का येते माहीत आहे? नाही आले तर कुणाचं अडत नाही म्हणून. अहो, काय सुख आहे ते! चाक अर्धं घासून उठून जाते मी, आणि काही होत नाही! मागून मावशी पुरं करते. आणि तुम्ही म्हणता, मावशीला काढा आणि मी रोज या. म्हणजे सेवा गेली नि संसारच आला की पुन्हा!"

खजिनदार बाई एकदम म्हणाल्या, "अगदी खरं." आणि मग दचकून गप्प बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

माईंनी कागदाची घडी घालून अध्यक्षांच्या खिशात ठेवली, नातवाच्या खिशात रुमाल ठेवावा तशी. मग त्या वळल्या. "आणि तू," त्या सुनेला म्हणाल्या. "जे चकाकतं तेवढंच घासते म्हणालीस."

"हो, आई."

"इथे आई म्हणायचं नाही ठरलंय."

"हो, माई."

"खरं आहे ते. पण घरी सांगता आलं असतं."

"घरी सांगायला आले होते, माई. तुम्ही कौतुक करून घेतलंत."

मिस्त्री फसकन हसला. मग हेडमास्तर, मग सगळेच. अध्यक्षसुद्धा हसले. मावशी तेवढी हसली नाही. तिने ट्रे खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चहा गार झाला. आता कुणी रुसायचं नाही." जागा राहील असा ठराव झाला. विरोध कुणी केला नाही, कारण अध्यक्षांना भिंतीपासून पुढे आणेपर्यंत सगळे उठून उभे होते.

घरी जाताना माई दहा पावलं पुढे. जेवताना त्या मुलाशीच बोलल्या. "सांग तुझ्या साहेबांना, भाजी खारट आहे." "सांग तुझ्या साहेबांना, दिवा मालवा." आणि अंथरुणावर पाठ टेकताना, "सांग तुझ्या साहेबांना, उद्या सकाळी मी उठणार नाही. घरातही आजपासून स्वयंसेविका."

मुलगा घाबरला. "म्हणजे आई, चहा कोण करणार?"

"ज्याचं अडेल तो."

सकाळी त्याचं अडलं. दूध ओट्यावरून खाली, फरशीवरून दारापर्यंत गेलं. माई अंथरुणात पडून त्याचा आवाज ऐकत राहिल्या आणि उठल्या नाहीत. ताई ऑफिसला निघाली तेव्हा नवरा फडकं घेऊन गुडघ्यांवर होता. तिला त्याची दया आली, आणि दया बाजूला सारून ती घराबाहेर पडली. तिलाही हे नवीनच होतं.

पुढे काही दिवस माई संस्थेकडे फिरकल्या नाहीत. मग एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी आल्या. ताईकडे बघितलं नाही, थेट अंगणात गेल्या. मावशी काम करत होती.

"काय करू?" माई म्हणाल्या.

मावशीने ब्रश मागे लपवला. "तुम्ही सांगाल ते."

"मी नाही. तू सांग. तुझं काम आहे ना?"

मावशी बावरली. तिने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात एक कमोडची खुर्ची होती, काल आलेली, बघवू नये अशी. मावशीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "ती घ्या," ती म्हणाली.

माईंनी खुर्चीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "तू माणूस आहेस की कोण आहेस गं?"

"पगारी आहे, माई."

माईंनी नाकाला पदर बांधला आणि बाह्या सारल्या. एक पाय घासून झाला, दुसरा झाला, आणि मग त्या उठल्या. "आज एवढंच. दमले." आणि निघून गेल्या. बाकीचे दोन पाय मावशीने घासले.

आता असं चालतं. माई येतात तेव्हा येतात. घरी जाऊन मुलाला सांगतात, "तिथली मावशी फार कडक आहे हो, माझंसुद्धा ऐकत नाही." आणि यात त्यांना अभिमान वाटतो. मावशी पुन्हा बादलीवर बसू लागली आहे. कधी माई चार दिवस आल्या नाहीत की ती टेबलापाशी येते.

"तुमच्या सासूबाई दिसल्या नाहीत."

"स्वयंसेविका आहेत त्या. कळवायची सक्ती नाही."

"सक्ती कोण करतंय? मी आपलं विचारलं." असं म्हणून ती अंगणात परत जाते. तिथे भिंतीशी चाकाची एक खुर्ची उभी असते. बाकी सगळं तिने घासून उन्हात ठेवलेलं असतं. एवढ्या एका खुर्चीच्या चाकातला चिखल तिने तसाच राहू दिलेला असतो.